तीन काळ्या तारा

सकाळपासून वारा पडला होता. उन्हं कलताना तळ्यातले साबाही मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. पाण्यात हवा मिसळणाऱ्या, तराफ्यावरच्या चाकाची मोटर जळाली होती. चाक सांजेच्या आत फिरलं नाही, तर वर्षभर पोसलेलं तळं उद्या पांढऱ्या पोटांनी भरणार होतं.

आमचे मालक किमत्सुआन भंगारातून मोटर घेऊन आले. तिच्यावरचा, जोडणी सांगणारा पत्रा गेलेला. तारा तीन, तिन्ही काळ्या. बांधावर बसून ते मीटरनं एकेक जोडी बघू लागले, पण काटा थरथरत होता. शेजारच्या तळ्याचे ओंगकाका म्हणाले, तारांना खार चढलाय, आधी घासून घे. घासल्यावर काटा ठरला. ज्या जोडीला मीटर सगळ्यात जास्त रोध दाखवतं, ती दोन वेटोळ्यांची टोकं. उरलेली तार दोघांची सामाईक. तिच्यापासून कमी दाखवते ती चालवायची, जास्त दाखवते ती सुरुवातीची. तिलाच कपॅसिटर जोडला, मोटर चाकाला बसवली आणि तराफा आत लोटला.

मी प्लग लावला. चाक फिरलं, पण उलटं. पाणी बांधावर आपटून तळाचा काळा, कुजका गाळ वर येऊ लागला. मी प्लग ओढला.

काका म्हणाले, "आतला जोड उलटा करायचा तर मोटर फोडावी लागंल. तेवढा दम माशांत न्हाई. तराफाच फिरीव."

म्हणजे पाण्यात उतरणं आलं. महिना सातवा, भुताखेतांचा, दिवस मावळतीला. या महिन्यात बुडालेले आपल्या जागी दुसरं कुणी शोधत असतात, म्हणून पाण्याकाठी कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. मी दर्यावर राखण करणाऱ्या मात्सूआईचं नाव घेतलं.

मालक म्हणाले, "कुनाच्याबी आवाजावर प्लग लावू नगंस. माझ्यासुदिक. मी वर यिऊन तुज्या हाताला हात लावीन, तवाच."

ते गळ्याएवढ्या पाण्यात गेले, तराफ्याआड दिसेनासे झाले. तराफा जडपणे वळू लागला. मासे आता एका जागी गोळा होऊन तोंडं चपचप वाजवत होते.

तेवढ्यात आवाज आला. त्यांचाच, रोजचा, जरा वैतागलेला.

"लाव गं आता."

काका म्हणाले, "लाव की, म्हनतोय त्यो. मासं मरत्यात."

मी प्लग पदराआड धरला आणि हलले नाही. काका पुटपुटत राहिले.

मग मालक पलीकडच्या काठानं वर आले, बांधावरून चालत आले. त्यांचा गार हात माझ्या मनगटावर पडला. मी प्लग लावला. चाक सरळ फिरलं, पाणी पांढरं झालं, मासे हळूहळू खाली गेले.

"मघाशी एवढी घाई कशापायी केलीत?" मी विचारलं. "लाव म्हनालात ते."

"मी कुटं बोललो? तराफ्याचा दोर दातांत धरला हुता."

ओंगकाका उठले. त्यांच्या तळ्याकडे पाण्याकाठची बांधावरची वाट जवळची होती, पण ते रस्त्यानं गेले.