बुजवलेले डबके

म्हशीला घाम फारसा येत नाही. काळी, जाड कातडी ऊन शोषून घेते आणि ती उष्णता बाहेर टाकायला तिला चिखल लागतो. हे शरीरशास्त्र आहे, चोचले नव्हेत. तुंजा नदीकाठच्या आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. राजधानीत, सोफियात बसून आमचे सगळे गायरान भाड्याने घेणाऱ्या माणसाला मात्र ते ठाऊक असण्याची गरज पडली नाही.

त्याच्याकडे एक शेळीही नाही. अनुदान गवताच्या क्षेत्रफळावर मिळते. ते गवत कुणी खाल्ले का, हे कुणी विचारत नाही. म्हणून तो वर्षातून एकदा ते कापतो आणि जागच्या जागी कुजू देतो. उपग्रहाच्या चित्रात गायरानातले म्हशींचे लोळायचे डबके गवतात धरले जात नाही, तेवढी जमीन अनुदानातून वजा होते. जूनअखेरीस त्याने डबके बुजवून घेतले.

नेवेनाचा म्हशींचा कळप हा गावातला शेवटचा. तिच्यासाठी दूधगाडी येते, म्हणून आणखी तीन म्हाताऱ्यांचे शेळीचे दूधही विकले जाते. जुलैत तिच्या म्हशींचे दूध निम्म्यावर आले. एवढ्यासाठी डिझेल जाळणे परवडत नाही, असे गाडीवाल्याने स्वच्छ सांगितले.

मी गुरांचा डॉक्टर. तिने बोलावले तेव्हा भर दुपार होती. सगळ्या म्हशी बुजवलेल्या जागेवर उभ्या होत्या, वाट पाहत असल्यासारख्या. गाभण सिरमा खाली कोसळली होती आणि शिंगाने कोरडी माती उकरत होती. तापमापक एक्केचाळीसच्या वर गेला.

“सुई देता का, डॉक्टर?”

“यावर सुई नाही, नेवेनाकाकू. चिखल आहे.”

“मग चिखलाचीच चिठ्ठी लिहून द्या. बघू कुठल्या दुकानात मिळतो.”

तेवढ्यात ट्रॅक्टर घेऊन प्लामेन आला. हा तिच्या बहिणीचा मुलगा. डबके यानेच बुजवले होते.

“मावशी, हलव यांना. शुक्रवारी अनुदानाची तपासणी आहे.”

“तूच हलव. ओळखतात तुला. या सिरमाच्या आईच्या दह्यावर वाढलास.”

“मला पगार मिळतो, मावशी. गावात दुसरं कोण देतं?”

“कोणी नाही. देणारे होते ते गुरं विकून गेले. चरायला जागा कुठे ठेवलीत?”

“प्यायला टाकी ठेवलीय की.”

“मग तू रोज नदीवर डुंबायला कशाला जातोस रे? घरी नळ आहे ना?”

 पुराव्यापलीकडे बोलू नये, असे माझे शिक्षण सांगते. पुरावा माझ्या पायाशी जीभ काढून धापा टाकत होता. मी आणि नेवेनाने त्या टाकीतले सगळे पाणी सिरमावर ओतले. तिची मान हलली. मग नेवेनाने कुदळ उचलली आणि मी फावडे.

“डॉक्टर, मला मालकाला याचा फोटो पाठवावा लागेल,” प्लामेन म्हणाला.

“थांब जरा,” नेवेना म्हणाली. “अजून रुंद होऊ दे. वरून नीट दिसलं पाहिजे.”

त्याने फोन खिशात टाकला. ट्रॅक्टरवरून मात्र तो उतरला नाही. इंजिन चालूच होते. ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडी सुपाने ते काम दहा मिनिटांत झाले असते. आम्ही संध्याकाळपर्यंत खणत होतो. गुडघाभर खोलीवर ओल लागली, तेव्हा सिरमा स्वतःच्या पायांवर उठली आणि आम्हाला ढकलून आत शिरली.