जुळणारा पंप

‘चालून जाईल’ म्हणणाऱ्या माणसाला विमानाच्या जवळ फिरकू देऊ नये, असं विमानांचा मेकॅनिक ओर्व्हल टेस्के चाळीस वर्षं घसा फोडून सांगत आला होता. तरीही त्याच्या बायकोच्या, आयोनाच्या विमानाला, कुठल्याशा दुसऱ्या धावपट्टीवर, कुणीतरी मोटारीचा इंधनपंप बसवून दिलाच होता. दिसायला सारखा, भोकंही जुळणारी. फक्त त्याचा दांडा किंचित आखूड. हे विमान खालच्या पंखांचं, टाकीही पंखांत, इंजिनापेक्षा खाली. पंप दमला की इंजिन दमतं आणि मग खाली नुसता आयोवाचा मका.

आयोना जाऊन दोन वर्षं झाली होती. विमान आता मुलीचं, जनेलचं होतं, आणि ती ते उद्या नेब्रास्काला आपल्या घरी नेणार होती.

तो मोटारीचा पंप बदलायला ओर्व्हलने साठ्यातले तीन जुने पंप बाकावर मांडले आणि नमुना म्हणून आयोनाच्या विमानाचा जपून ठेवलेला मूळ पंप काढला. त्याच्या पोटातला रबरी पडदा त्याने स्वतःच केव्हाचा कापून काढला होता. राहिलं होतं ते नुसतं कवच आणि दांडा. पहिल्या पंपाच्या दांड्याचं वळण चुकलं, दुसऱ्याची स्प्रिंग फार ताठ निघाली. तिसरा नमुन्याशी असा जुळला की दोन्ही शेजारी ठेवल्यावर कुठला कुठला ते क्षणभर कळेना. त्याने त्याच्या तोंडावर अंगठा ठेवला, दांडा दाबला आणि दहा अंक मोजले. चांगल्या पंपाने तेवढा वेळ अंगठा ओढून धरायला हवा. धरला.

मग हाताच्या सवयीने त्याने तेच नमुन्यावरही केलं, आणि नमुन्यानेही धरला.

त्याने तो उजेडात धरला, तेव्हा आरपार दिसलं. पुन्हा अंगठा ठेवला. ओढ होती, पण जोराची नव्हती; गर्दीत कुणी बोट धरून चालावं तशी.

“जनेल, यावर जरा अंगठा ठेव.”

तिने ठेवला, दांडा दोनदा दाबला. “बाबा, यात काहीच नाहीये. रिकामं डबडं आहे.”

“हो. काढलाय पडदा.”

“मग मला काय तपासायला देतोस? तुला आता चष्म्याबरोबर अंगठाही नवा लागणार.”

तो हसला. तिसरा पंप त्याने बसवला आणि तो उडायला योग्य असल्याच्या पिवळ्या चिठ्ठीवर सही केली. त्याच्या सहीच्या पंपाने आजवर कुणाला दगा दिला नव्हता.

दुपारी जनेल चाचणीसाठी वर गेली. ओर्व्हल गवतात उभा होता. नमुना हातात होता आणि अंगठा त्याच्या तोंडावर. इंजिनाचा आवाज लोण्यासारखा. नदीच्या वर विमान वळताना सूर्य डोळ्यांवर आला, म्हणून त्याने तो हात कपाळाशी नेला. अंगठा सुटला आणि वरचा आवाज बंद पडला.

त्याने अंगठा परत टेकवला. एक ठसका, आणि आवाज सुरू झाला.

दुसऱ्यांदा करून पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नये, हे तो शिकाऊ पोरांना आयुष्यभर सांगत आला होता. त्याने दुसऱ्यांदा करून पाहिलं नाही.

“नदीवर एकदा ठसकलं,” खाली उतरल्यावर जनेल म्हणाली. “नळीत हवा असेल.”

त्याने संध्याकाळपर्यंत विमानातला पंप उतरवला, उघडला, तपासला, पुन्हा बसवला. एक चीर नाही, एक थेंब गळत नाही. खोट असती तर त्याने आनंदाने चिठ्ठी फाडली असती.

“उद्या नको जाऊस,” तो म्हणाला.

“का? पंपात काय आहे?”

“काही नाही.”

“तूच निवडलास, तूच सही केलीस. आईला कधी अडवलं होतंस?” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “बाबा, मी पोचल्या पोचल्या कळवते. खरंच.”

सकाळी तिने त्याच्या गालावर ओठ टेकवले तेव्हा त्याचा उजवा हात खिशात होता.

विमान पश्चिमेला ठिपका झालं, मग तेही राहिलं नाही. ओर्व्हल शेडमध्ये स्टुलावर बसला. तासाभराने शेजारच्या शेडमधला व्हर्जिल कॉफी घेऊन आला. ओर्व्हलने कप डाव्या हातात घेतला.

“हाताला काय झालं?”

“काही नाही. बस.”

“त्या पंपाशी लग्न लावलंयस का? सोड की.”

“पोचू दे तिला.”

व्हर्जिल त्याला तीस वर्षं ओळखत होता. तो उलट्या बादलीवर बसला आणि पुढचे दोन तास मक्याबद्दल, जावयाबद्दल, गुडघ्याबद्दल एकटाच बोलत राहिला. ओर्व्हलचं मनगट खाली झुकायला लागलं तेव्हा त्याने न विचारता त्याच्या कोपराखाली चिंध्यांचं गाठोडं सरकवलं.

फोनवर मेसेज आला. व्हर्जिलने वाचून दाखवलं. “उतरले. इंजिन बंद केलं. पंप झकास. जेवून घे.” त्याने फोन बाकावर ठेवला. “झालं? ठेव आता ते.”

ओर्व्हलने मान डोलावली, आणि झोपलेल्या माणसाच्या मुठीतून हात सोडवावा तसा, अगदी हळू, अंगठा ओढून पाहिला.

आतली पकड जराशी घट्ट झाली.