दहावरचा खटका

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "हे स्पष्ट दिसतं की ते?" असं विचारून विचारून तिचा घसा बसायचा, आणि घरी येईपर्यंत तिला स्वतःला काही धड दिसेनासं व्हायचं. तरी पर्स खुंटीला अडकवली की ती थेट टेबलापाशी बसायची. टेबलावर अप्पांचा जुना ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजची रेषा पडद्यावर दाखवणारं यंत्र, त्याच्यापुढे तिनं जोडलेलं सर्किट, आणि सर्किटची वायर भिंतीकडेनं अप्पांच्या गादीखाली गेलेली.

अप्पा म्हणजे तिचे वडील, एके काळचे टीव्ही मेकॅनिक. अख्ख्या गल्लीचे टीव्ही त्यांनी धडधाकट ठेवले, पण आता त्यांच्याच डोक्यात बिघाड झाला होता. पोटच्या मुलीला ते गिऱ्हाईक समजत. "मॅडम, सेट शनिवारी न्या," असं रोज बजावत, आणि तीही मुकाट्यानं "चालेल" म्हणे. मध्यंतरी पहाटे ते अनवाणीच बाहेर पडले आणि मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडले. धाकट्या भावानं त्याच दिवशी फोनवर निकाल देऊन टाकला. "ताई, तू झोपणार कधी? मी वृद्धाश्रमात बोलून ठेवलंय."

"अप्पा उठले की माझ्या उशाशी बेल वाजेल, असं काहीतरी करते मी."

"बरं, कर. रविवारी येतो. माझ्यासमोर बेल वाजली तर अप्पा तुझ्याकडे. नाही तर माझ्या गाडीत."

लांबून सल्ले देणाऱ्यांचं बरं असतं, पण त्याचंही चुकत नव्हतं.

बेत तसा साधा होता. गादीखाली तिनं वजन ओळखणारी पट्टी बसवली होती. पट्टीवर वजन असलं की व्होल्टेज जेमतेम, अप्पा उठले की तीन व्होल्ट. कूस बदलली की स्कोपवरची रेषा थोडी उडी मारायची. किती व्होल्टला बेल वाजावी हे ठरवणारा नॉब त्या उडीच्या वर आणि तीनच्या खाली लावायचा, की झालं. पहिल्या संध्याकाळी स्कोपनं बरोबर तीन दाखवले आणि ती बऱ्याच दिवसांनी हसली.

दुसऱ्या दिवशी दाखवले पॉइंट तीन. गादी तीच, पट्टी तीच. पट्टी बिघडली असं धरून तिनं नॉब खाली आणला, तर अप्पांनी नुसती कूस बदलली तरी बेल बोंबलायला लागली. आजारापेक्षा औषध जालीम! मग तिनं पट्टी बदलली, वायर बदलली, सगळ्या जोडांना पुन्हा डाग दिले. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं काम तिनं अगदी मन लावून केलं. मल्टिमीटर बिचारा तीन व्होल्टच सांगत होता, पण तो पडला फुटपाथवरून घेतलेला. स्कोप अप्पांचा होता, आणि अप्पांच्या स्कोपवर शंका घ्यायची या घरात पद्धत नव्हती.

शुक्रवारीही पॉइंट तीन दिसले तेव्हा तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी सुटल्यासारखं वाटलं. नाही वाजणार बेल धड, नेऊ देत. आपण प्रयत्न केले, कोणी बोट दाखवणार नाही, आणि रात्रभर झोप मिळेल. हा विचार तिला इतका गोड वाटला की नंतर तिची तिलाच लाज वाटली.

शनिवारी डोकं दुखायला लागलं म्हणून ती दुपारीच घरी आली. बेल दिवसा बंदच असायची. अप्पांजवळ बसायला येणाऱ्या शेजारच्या मावशी खुर्चीत मान टाकून घोरत होत्या. आणि अप्पा टेबलापाशी उभे होते.

ती दारातच थांबली. अप्पांनी स्कोपच्या वायरीच्या टोकाचा प्रोब उचलला, शर्टाच्या कडेला पुसला, त्याच्यावरचा इवलासा खटका अंगठ्याच्या नखानं रेटून पाहिला, वायरीचं वेटोळं केलं, प्रोब त्यावर ठेवला आणि गादीवर जाऊन पडले.

ती धावत टेबलाशी गेली. खटका दहावर होता. म्हणजे पडद्यावर दिसेल त्याला दहानं गुणायचं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या पहिल्या संध्याकाळी तिनं तो एकवर ठेवला होता आणि नंतर पाहिलाच नव्हता. टीव्हीत कुठे हजारो व्होल्ट असतील सांगता येत नाही, आणि दहावर असला की स्कोपमध्ये दहावा भागच जातो, म्हणून काम संपलं की खटका दहावर ठेवूनच उठायचं, ही अप्पांच्या दुकानाची शिस्त होती. लेकीचं नाव गेलं, पण नखातली शिस्त गेली नव्हती. आता मात्र ती रडली.

खटका एकवर केला, पडद्यावर बघून नॉब लावला, आणि सर्किट आपलं ठीक चालायला लागलं. पहिल्यापासून ठीकच होतं ते.

रविवारी भाऊ आला. पाहुणा दिसल्यावर अप्पा चादर गळ्यापर्यंत ओढून शहाण्या मुलासारखे पडून राहिले. उठायचं नावच घेईनात. अर्धी दुपार तशीच गेली. भावानं आणलेली रिकामी बॅग दाराशी होती.

"ताई, बेल वाजेलही गं. पण ते उठायला तर हवेत ना? मला अंधाराच्या आत पोचायचंय."

ती टेबलापाशी गेली, अप्पांना दिसेल अशी उभी राहिली, प्रोबचा खटका एकवर केला, वेटोळं विस्कटलं आणि प्रोब भावापुढे टेबलावर धाडकन टाकला.

अप्पांनी मान वळवली. मग चादर भिरकावून उठले, आणि आतल्या खोलीत बेल खणखणली.

अप्पा तरातरा भावासमोर आले. प्रोब उचलून त्याच्या नाकासमोर धरला. "हे असं टाकून उठतात? पुढचा कुठे लावेल, काय माहीत? दहावर ठेवायचं! कोणी शिकवलं तुला?"

भाऊ म्हणाला, "तुम्हीच, अप्पा."

"मग विसरतोस कसा?" म्हणत अप्पा वायर गुंडाळायला लागले.

भाऊ बॅग उचलून जिन्यापाशी गेला. तिथून म्हणाला, "पुढच्या आठवड्यात येतो. तेव्हा तू झोप, मी बसेन." त्याचे डोळे भरले होते.

ती जिंकली होती. आनंद होता, खरंच होता, पण आज रात्र, उद्या रात्र, परवा रात्र तिच्याच होत्या. आत बेल वाजतच राहिली होती. ती बंद करायला तिलाच उठावं लागलं.