आईची मागची प्रत

आईनं शेवटच्या आजारपणात सांगितलेल्या आठवणी धाकटीनं टाइप करून क्लाउडवर ठेवल्या होत्या. थोरला त्या काळात घराकडे फिरकलासुद्धा नाही, हेही आईनं त्यात स्पष्ट सांगितलं होतं. आई गेल्यावर थोरल्यानं नेमकं तेवढंच गाळून नवी फाइल केली आणि धाकटीच्या मानगुटीवर येऊन बसला.

“ही त्याच नावानं चढव. जुनी पुसली जाऊ दे.”

“आईचे शब्द आहेत ते, दादा.”

“मला अक्कल शिकवू नकोस. चढव!”

धाकटीनं दातओठ खात प्रोग्राम चालवला. पडद्यावर ‘अपलोड पूर्ण’ असं उमटलं, तसा तो मिशीत हसला.

“हसू नकोस,” ती म्हणाली. “मागची प्रत राखून ठेवायची सोय मी आधीच चालू केली होती. जुनी फाइल तिथंच आहे.”

“काढून टाक ती!”

“नाही काढणार. पासवर्ड माझ्याकडे आहे.”

“मग तुला भाऊ मेला म्हणून समज.”

“आईनं तर आपला मुलगा मेला असं केव्हाच मानलं होतं.”

थोरला दाणकन दार आपटून निघून गेला. धाकटीनं त्याला हाक मारली नाही.