मोरांच्या कागदाची भिंत

मोहरमचा ताबूत सजवावा तर इसूफनं, असं सोलापुरात म्हणत. म्हणूनच गंगाधर वकिलांनी मुंबईहून आणलेला विलायती कागद भिंतीला लावायचं काम त्याला दिलं. घर आजोबांच्या वेळचं. दिवाणखान्याच्या तीन भिंती पांढऱ्याच ठेवायच्या, चौथीवर तेवढे निळे मोर. येणाऱ्या पक्षकाराची नजर आधी तिथं जावी, ही वकिलांची हौस.

इसूफनं दोन दिवस खपून खळीनं कागद चिकटवला, मोराला मोर जुळवला. सांधा कुठं दिसेना. तिसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं, तेव्हा शाबासकीच्या आशेनं तो गेला.

त्यानं भिंत बघितली. कागद वरपासून कमरेपर्यंत उभा टरकला होता.

"तुझी खळ कच्ची," वकील म्हणाले. "एवढा महागाचा कागद मातीत घातलास."

तीस वर्षांत त्याच्या खळीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यानं जवळ जाऊन बोट फिरवलं. खळ सुटली असती तर कागद सांध्यावर सुटला असता. इथं तो मोराच्या पोटातून फाटला होता, आणि दोन्ही कडा भिंतीला घट्ट होत्या. फटीत करंगळी गेली. आत ओली माती लागली.

"साहेब, कागद न्हाय फाटला. भिंत फाटलीया."

"आता भिंतीवर ढकलतोस होय?"

एवढ्यात दोघांच्या डोळ्यांदेखत कागद टर्रकन आणखी वीतभर फाटला. भिंतीपलीकडून पाणी ओतल्याचा आवाज आला आणि पोरीचं हसणं.

"न्हाणीघर," वकील पुटपुटले. "आमच्या प्रभाला ही न्हाऊ घालतेय." ते फाटलेल्या कागदाकडेच बघत राहिले.

इसूफनं त्या घराचा माजघराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. आता तो माजघरातून धावतच गेला आणि न्हाणीच्या दाराशी पाठ करून उभा राहिला.

"बाईसाहेब, पोरीला घिऊन भाईर या. हायसा तशा या."

वकिलांच्या पत्नी दुर्गाबाई आत चपापल्या. परका माणूस, इथवर! पण त्याचा आवाज ऐकून त्यांनी ओल्या पोरीला पदरात गुंडाळलं आणि परसात आल्या, मागोमाग इसूफही. मागं धप्प झालं. भिंत न्हाणीघरावर आडवी झाली होती.

धुरळ्यातून वकील आले. न्हाणीचं पाणी किती वर्षं भिंतीच्या पायात मुरत होतं कोण जाणे. इसूफ परसाच्या पायरीवर टेकला होता, त्याच्याशेजारी ते बसले.

दुर्गाबाईंनी घरच्यांच्या पिण्याचा तांब्या पुढं केला. "इसूफभाई, पाणी घ्या."

इसूफनं तो दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावला.