चौदा सेकंद

दादासो मगदूम सरांचं सदर बावीस वर्षं दर गुरुवारी कोल्हापुरातल्या एका सांजदैनिकात येत होतं. धर्माच्या नावानं माणसं फोडणारं राजकारण, बुवाबाजी, दिवसभर कोकलणाऱ्या वृत्तवाहिन्या, सगळ्यांचा समाचार त्यांनी घेतला. जन्मानं जैन असूनही बस्तीत, म्हणजे जैन देवळात, ते दर्शनाला जात नसत. पण गुरुवारचा नेम कधी मोडला नाही. मुलगा आजारी होता तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर बसून त्यांनी मजकूर पुरा केला होता.

आणि आता ही आदिती चौगुले.

त्यांचीच विद्यार्थिनी. राज्यशास्त्राच्या तासाला दुसऱ्या बाकावर बसायची आणि भारी प्रश्न विचारायची. आता हातात मोबाईल घेऊन शिरोली एमआयडीसीच्या फाटकावर उभी राहते आणि मालकाला तोंडावर विचारते, "साहेब, भट्टी बंद केलासा, मग ह्या दोनशे माणसांनी कुठं जायचं?" कामगारांवर सरांनी पाच लेख लिहिले होते. तिचं ते एक वाक्य लाखभर लोकांनी बघितलं.

ज्ञानू न्हाव्याच्या खुर्चीत तर सुटकाच नव्हती.

"सर, तुमच्या आदितीनं काल आमदारास्नी गप केलं की वो! बघितलासा का न्हाई?"

"तेच मी मार्चमध्ये लिहिलं होतं."

"व्हय? कशात?"

सरांनी आरशात स्वतःचा चेहरा बघितला आणि डोळे मिटून घेतले. या जळण्याला मत्सर म्हणायला त्यांची तयारी नव्हती. ते त्याला काळजी म्हणत. भाषेची काळजी, पत्रकारितेची काळजी, एकूण समाजाची काळजी.

गणपतीच्या दिवसांत त्यांच्या फोनवर चौदा सेकंदांचा एक व्हिडिओ आला. एका तालमीच्या मंडळाच्या मिरवणुकीसमोर उभी राहून आदिती म्हणत होती, "तालमीची पोरं म्हंजे वाया गेलेली. नुसतं नाचायचं आणि कानठळ्या बसवायच्या." पुढं काही नाही. सरांना कितीतरी दिवसांनी असं बरं वाटत होतं. त्यांनी व्हिडिओ निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'विचार उसना घेता येतो, विवेक घेता येत नाही.'

खोट्या बातम्यांवर पाच-सहा लेख लिहिलेला माणूस. तीन ठिकाणी खात्री केल्याशिवाय काहीही पुढं पाठवू नका, असं लोकांना बजावणारा.

दुसऱ्या दिवशी पूर्ण व्हिडिओ बघायला मिळाला. ती पुढं म्हणाली होती, "असं लोक म्हणत्यात. पण महापुरात तुमच्या दाराशी होडी घेऊन कोण आलतं? हीच पोरं." सरांनी आपला संदेश घाईघाईनं पुसला. पण तोवर तो गावभर फिरला होता. लिहिणाऱ्याचं नाव गळालं होतं, वाक्य तेवढं राहिलं होतं. दोन तालमींची पोरं आदितीच्या दारात येऊन ओरडून गेली. एकानं तिचा माईक हिसकावून आपटला.

 त्या गुरुवारी सरांनी साखर कारखान्यांवर लिहिलं.

मग क्षमावाणीचा दिवस आला. सरांच्या पत्नी रत्नाबाईंनी पर्युषणाचे दहाही दिवस एकवेळ जेवून काढले होते. पूजा करून त्या घरी आल्या आणि लोकांची ये-जा सुरू झाली. जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा, असं जो तो हात जोडून म्हणत होता. सर दरवर्षी याच्यावर हसायचे. "ही ठोक माफी झाली. काय चुकलं ते नाव घेऊन सांगावं माणसानं."

दुपारी आदिती आली. चेहरा ओढलेला.

"उत्तम क्षमा, सर. वर्षात माझ्याकडून काही उणंअधिक झालं असंल तर..." आणि मग तिचा धीर सुटला. "सर, तुम्ही लिवा की ह्याच्यावर. त्या व्हिडिओखालचं वाक्य शिकल्या माणसाचं हाय. म्हणून तर लोकांना पटलं."

 रत्नाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, पोरीनं क्षमा मागितली. उलट आपणही मागायची असते."

दोन शब्दांचं काम होतं. सगळं गाव सकाळपासून तेच करत होतं.

"ते वाक्य माझं आहे, आदिती."

"कुठलं?"

"विवेकाचं. आमच्या ग्रुपवर ते मीच टाकलं."

"पुढचं न बघता?"

"न बघता."

"का, सर?"

भाषेचा दर्जा, घाई, वय, सगळी कारणं जिभेवर तयार होती. "लोक तुझं ऐकतात म्हणून," सर म्हणाले.

आदितीनं रत्नाबाईंनी दिलेली खिरीची वाटी न चाखता खाली ठेवली. "मावशी, रागावू नगा. सर, आज मला क्षमा जमायची न्हाई. गुरुवारी लिवा. स्वतःचं नाव घालून." आणि ती जिना उतरून गेली.

सरांनी लिहिलं. संपादक दत्तप्रसादांचा फोन आला. "सर, बावीस वर्षांचं नाव आहे तुमचं. 'अनवधानानं' एवढा एक शब्द घालूया?"

"अनवधान नव्हतं. आहे तसं छापा."

छापून आल्यावर आदितीनं अंक कॅमेऱ्यासमोर धरून लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पदरचा एक शब्द घातला नाही. क्षमा केली असंही म्हणाली नाही. बघणाऱ्यांचा आकडा चढत गेला. सरांचं लिहिणं एवढ्या लोकांपर्यंत कधीच पोचलं नव्हतं. पोचलं तेही तिच्या तोंडून. आणि मेलीनं वाचलंही कसं! जिथं थांबायला हवं, नेमकी तिथंच थांबली.

रत्नाबाई शेजारी येऊन बसल्या. "अजून जळतंय?"

"जळतंय की."

"तिला सांगितलंत हे?"

"लेखात लिहिलंय."

"लेखात तेव्हाचं सांगितलंत. आत्ता जळतंय त्याचं काय?"

सरांनी फोन बाजूला ठेवला. मग उठून चपला शोधायला लागले.