सतरा नंबरची काच

अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रयोगशाळेत हान्नेके काचांवर लावलेल्या मृतांच्या मेंदूच्या चकत्या तपासून त्यांतल्या पेशी मोजायची. कोण पुरुषांवर प्रेम करायचा, कोण बायकांवर, हे मोजणाऱ्याला कळू नये म्हणून काचांवर नुसते नंबर असत.

एके दुपारी, मरताना मेंदू इथं दान केलेल्या योस्टची म्हातारी आई आली. "पोरी, त्याचं पुरुषांवर मन जडायचं. माझ्या पोटातच काही बिघडलं होतं का गं?"

"बाई, यातली योस्टची काच कुठली, मलाच माहीत नाही."

"एवढी शिकलीस, आणि माणूस ओळखता येत नाही?" म्हातारीनं थेट सतरा नंबरवर बोट टेकवलं.

हान्नेकेनं भिंगातून पाहिलं. "काहीही बिघडलेलं नाही."

म्हातारी डोळे पुसत गेली.

महिन्याभरानं नावांची यादी उघडली. सतरा म्हणजे योस्टच. हान्नेकेनं काच उचलली. बोट टेकवलं होतं तिथं ती अजून कोमट होती.